पेटीभोवतीचे सर्क्युलेशन आणि केंद्रातली व्हॉर्टिसिटी: दोन आकडे जुळत का नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ३५ अंश उत्तर अक्षांशाजवळ कमी दाबाचे एक क्षेत्र आहे. त्याच्याभोवती ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवर, ५ अंश बाय ५ अंशांची पेटी घेतली. चारही बाजूंवर वाऱ्याचा त्या बाजूच्या दिशेतला घटक घेतला, त्याला अंतराने गुणले आणि बेरीज केली. ही बेरीज म्हणजे सर्क्युलेशन; ते आले १ कोटी ७५ लाख चौरस मीटर प्रतिसेकंद. त्याला पेटीच्या क्षेत्रफळाने भागल्यावर जो आकडा येतो, तो नकाशावर केंद्राशी दिसणाऱ्या व्हॉर्टिसिटीच्या (हवेचा बारीक तुकडा त्या ठिकाणी किती वेगाने वळतो त्याच्या मापाच्या) एक तृतीयांशही नाही. पुढे २४ तासांत त्याच पेटीचे सर्क्युलेशन जवळजवळ दुप्पट झाले, आणि केल्विनचे प्रमेय तर म्हणते की सर्क्युलेशन टिकते. मग चूक कुठे झाली? आणि स्टोक्सच्या प्रमेयाने सर्क्युलेशन आणि व्हॉर्टिसिटी या दोन्ही गोष्टी एकच असतील, तर दोन वेगळ्या राशी हव्यात कशाला?

तुमचे आकडे मला बरोबर वाटतात. हवामानाच्या मॉडेलच्या विश्लेषणातून वारा घेऊन हेच गणित करणे माझे रोजचे काम आहे, आणि ज्यांनी हे पहिल्यांदा स्वतः करून पाहिले त्या जवळपास प्रत्येकाला हे दोन प्रश्न याच क्रमाने पडलेले मी पाहिले आहेत. नुसती व्याख्या पाठ करणाऱ्याला ते पडत नाहीत. खरी अडचण अशी आहे की सर्क्युलेशन ही वेढ्याची राशी आहे आणि व्हॉर्टिसिटी ही बिंदूची. ‘या वादळाचे सर्क्युलेशन किती?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘या वेढ्याभोवतीचे सर्क्युलेशन किती?’ याला असते. वेढा कुठला, तो जागेवर स्थिर आहे की हवेबरोबर वाहतो आहे, आणि वारा पृथ्वीच्या सापेक्ष मोजला आहे की निरपेक्ष (म्हणजे पृथ्वीचे फिरणेही धरून), या तीन गोष्टी ठरवल्या की तुमच्या दोन्ही कोड्यांची उत्तरे आपोआप समोर येतात.

आधी एकक ठरवून घेऊ, म्हणजे शून्ये मोजत बसावे लागणार नाही. नकाशांवर व्हॉर्टिसिटी बहुधा दर सेकंदाला एक लक्षांश, म्हणजे दहाचा उणे पाचवा घात, या हिशेबाने दाखवतात. खाली मी त्यालाच ‘एकक’ म्हणेन. तुमच्या पेटीचे क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास येते, म्हणून सर्क्युलेशन भागिले क्षेत्रफळ हे ७ एकके झाले. केंद्राशी नकाशा दाखवतो २२ एकके. अंदाजासाठी आणखी दोन आकडे जवळ ठेवा: ३५ अंशांवर पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्यामुळे मिळणारी व्हॉर्टिसिटी, जिला सूत्रांत एफ म्हणतात, ती ८.४ एकके असते आणि ध्रुवावर १४.६. टॉर्नेडोच्या गाभ्यात व्हॉर्टिसिटी सेकंदाला १ च्या घरात जाते, म्हणजे लाखभर एकके.

स्टोक्सचे प्रमेय काय सांगते ते पेटीच्या भाषेत पाहू. मोठी पेटी लहान लहान चौकटींत विभागा आणि प्रत्येक चौकटीभोवतीचे सर्क्युलेशन एकाच दिशेने काढा. शेजारच्या दोन चौकटींची सामाईक बाजू एकदा एका दिशेने मोजली जाते आणि एकदा उलट, त्यामुळे ती बेरजेतून उडते. सगळ्या आतल्या बाजू अशा उडाल्या की उरतो फक्त बाहेरचा वेढा. एका चौकटीचे सर्क्युलेशन भागिले तिचे क्षेत्रफळ, आणि ती चौकट लहान लहान करत नेली की जे उरते ती त्या बिंदूची व्हॉर्टिसिटी. म्हणून तुमचे ७ एकके हे संपूर्ण पेटीचे सरासरी मूल्य आहे आणि २२ हे एका बिंदूचे. ते जुळायला हवेत अशी अपेक्षा फक्त एकाच परिस्थितीत रास्त आहे: पेटीतली सगळी हवा एखाद्या घन तबकडीसारखी एकसंध फिरत असेल तर. खरे वातावरण तसे फिरत नाही.

उलट, या दोन आकड्यांतला फरक हीच कामाची माहिती आहे. एखाद्या भोवऱ्यात केंद्रापासून दूर जाताना वारा कसा उतरतो ते त्यातून कळते. उष्णकटिबंधीय चक्रीवादळात डोळ्याच्या भिंतीबाहेर वारा ढोबळमानाने अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. समजा केंद्रापासून १०० किलोमीटरवर तो सेकंदाला ३० मीटर आहे. त्या त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत सरासरी व्हॉर्टिसिटी म्हणजे दोन गुणिले वारा भागिले त्रिज्या, अर्थात ६० एकके. पण नेमकी त्या वर्तुळावरची व्हॉर्टिसिटी येते १५ एकके, सरासरीच्या एक चतुर्थांश. वारा अंतराच्या अगदी व्यस्त प्रमाणात उतरत असता तर त्या जागी ती शून्य आली असती, आणि घन तबकडीसारखा वाढत गेला असता तर बरोबर ६०. कडेवरची व्हॉर्टिसिटी भागिले आतली सरासरी, हे एवढे एक गुणोत्तर मी नेहमी काढतो. भोवरा आटोपशीर आहे की पसरट, हे समदाब रेषा न्याहाळण्यापेक्षा त्यातून लवकर समजते.

आता तुम्ही थेट विचारलेले नाही, पण प्रश्नाच्या शब्दांवरून जाणवते, त्या गोष्टीकडे येतो. तुमच्या लिहिण्यात ‘व्हॉर्टिसिटी म्हणजे हवा गोल फिरते’ असे गृहीत धरलेले आहे. तसे ते नाही. हवेचा एक बारीक तुकडा घ्या आणि त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, हवेच्याच कणांनी बनलेल्या दोन छोट्या रेषा कल्पा. वाऱ्याबरोबर त्या सरकतील आणि वळतीलही. घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळणे धन मानले, तर दोन्ही रेषांच्या वळण्याच्या वेगांची बेरीज म्हणजे त्या ठिकाणची व्हॉर्टिसिटी.

तबकडीसारख्या फिरण्यात दोन्ही रेषा सारख्याच वेगाने वळतात, म्हणून व्हॉर्टिसिटी फिरण्याच्या वेगाच्या दुप्पट येते. पृथ्वीच्या व्हॉर्टिसिटीच्या सूत्रात जो दोन दिसतो तो हाच. आता सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा घ्या, जो उत्तरेकडे मंद होत जातो. पूर्व-पश्चिम रेषा जराही वळत नाही. उत्तर-दक्षिण रेषेचे दक्षिण टोक पुढे जाते आणि उत्तर टोक मागे राहते, म्हणजे ती घड्याळाच्या उलट वळते. एकही कण गोल फिरत नसताना व्हॉर्टिसिटी आहे. तिसरे उदाहरण अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरणाऱ्या भोवऱ्याचे. वर्तुळाला स्पर्श करणारी रेषा घड्याळाच्या उलट वळते, पण केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या रेषेचे आतले टोक वेगाने पुढे जाते आणि बाहेरचे रेंगाळते, म्हणून ती तितक्याच वेगाने घड्याळाच्या दिशेने वळते. बेरीज शून्य. कण गोल फिरत आहेत आणि व्हॉर्टिसिटी नाही. तरीही केंद्राला वेढणाऱ्या कोणत्याही वेढ्याभोवतीचे सर्क्युलेशन तेच येते, वेढा लहान असो वा मोठा, कारण सगळी व्हॉर्टिसिटी गाभ्यात साठलेली आहे. केंद्राला बाहेर ठेवणारा वेढा घेतला की सर्क्युलेशनही शून्य.

सरळ वाऱ्यातली व्हॉर्टिसिटी ही पुस्तकी गोष्ट आहे असे समजू नका. जेट प्रवाहाच्या (उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या अरुंद पट्ट्याच्या) ध्रुवाकडच्या बाजूला वारा ४०० किलोमीटरांत सेकंदाला ६० मीटरवरून २० मीटरवर उतरला, तर तेवढ्यानेच १० एकके होतात, म्हणजे मध्य अक्षांशांवरच्या पृथ्वीच्या व्हॉर्टिसिटीइतकीच. विषुववृत्ताकडच्या बाजूला ती ऋण असते, आणि तिथे निसर्ग एक मर्यादा घालतो. पृथ्वीच्या सापेक्ष वाऱ्याची, म्हणजे सापेक्ष, व्हॉर्टिसिटी आणि एफ यांची बेरीज, म्हणजेच निरपेक्ष व्हॉर्टिसिटी, उत्तर गोलार्धात शून्याच्या खाली जाऊ लागली की तो प्रवाह अस्थिर होतो आणि हवा आडवी सरकून तो फरक बुजवते. जेटच्या विषुववृत्ताकडच्या अंगाला वारा सहसा अधिक सावकाश उतरताना दिसतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. मला हे फार सुंदर वाटते: नकाशावरच्या वाऱ्याच्या उताराला अक्षांशाने घातलेली सीमा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मग दोन राशी कशाला, याचे कामाच्या बाजूने उत्तर देतो. व्हॉर्टिसिटी अवकलनाने निघते, म्हणून ती ग्रिडच्या, म्हणजे डेटा ज्या बिंदूंच्या जाळीवर दिलेला असतो तिच्या, बारीकपणावर अवलंबून असते. तुमच्या नकाशावरचे २२ एकके हे त्या डेटाच्या ग्रिडवरचे २२ आहेत. तोच दिवस, तेच क्षेत्र, पण चौपट बारीक ग्रिडचे मॉडेल घेतले तर केंद्राचा आकडा बराच मोठा येईल, आणि त्यावरून वादळ अधिक जोरदार आहे असे म्हणता येणार नाही. सर्क्युलेशन संकलनाने निघते. ३०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाभोवतीचा वारा दोन्ही मॉडेलांत साधारण सारखा असेल, तर सर्क्युलेशनही सारखेच येईल, आत गाभा कितीही टोकदार किंवा बोथट असो. म्हणून दोन मॉडेलांची तुलना करायची असेल, किंवा एखादे क्षेत्र दिवसेंदिवस बळावते आहे का ते पाहायचे असेल, तर मी ठरावीक त्रिज्येचे सर्क्युलेशन घेतो. केंद्र नेमके कुठे आहे हे शोधायचे असेल, किंवा व्हॉर्टिसिटीची अरुंद पट्टी कुठे ताणली जाते आहे ते पाहायचे असेल, तर व्हॉर्टिसिटीशिवाय इलाज नाही, कारण सर्क्युलेशन जागा सांगत नाही. त्रिज्या किती घ्यावी हे मात्र क्षेत्राच्या आकारावर ठरते. शेजारी दुसरा भोवरा असेल तर तो वेढ्यात येता कामा नये.

रडारवर काम करणाऱ्यांची पद्धतही अशीच दोन आकड्यांमधल्या पुलासारखी असते. वादळी ढगात डॉप्लर रडारला ४ किलोमीटर अंतरावर एका बाजूला सेकंदाला २० मीटरने दूर जाणारा आणि दुसऱ्या बाजूला तितक्याच वेगाने जवळ येणारा वारा दिसला, तर वाऱ्यातला फरक भागिले अंतर होते सेकंदाला ०.०१. रडारला आपल्या दिशेतलाच वारा दिसतो, म्हणजे वरच्या दोन रेषांपैकी एकीचेच वळणे त्याला मोजता येते. दुसरीही तितकीच वळते असे धरून आकडा दुप्पट करतात. तो भोवरा तबकडीसारखा फिरत असेल तरच ही दुप्पट खरी, एरवी ती केवळ अंदाज असते.

पुढे जाण्याआधी तुमच्या पेटीचा एक ताळा करून पाहा. अक्षांश-रेखांशांची पेटी आयत नसते. तुमची दक्षिण बाजू ३२.५ अंशांवर आहे, सुमारे ४६९ किलोमीटर लांब. उत्तर बाजू ३७.५ अंशांवर, सुमारे ४४१ किलोमीटर. सगळीकडे सेकंदाला ३० मीटरचा एकसारखा पश्चिमी वारा असला तरी दोन्ही बाजूंची वजाबाकी शून्य होत नाही: २८ किलोमीटर गुणिले ३० म्हणजे ८ लाख ४० हजार चौरस मीटर प्रतिसेकंद इतके सर्क्युलेशन उरते. क्षेत्रफळाने भागा, एक तृतीयांश एकक येईल. गोलावरच्या व्हॉर्टिसिटीच्या सूत्रात पूर्व-पश्चिम वारा गुणिले अक्षांशाचा टॅन्जंट भागिले पृथ्वीची त्रिज्या असे जे पद शेवटी जोडलेले असते, त्याचे मूल्य ३५ अंशांवर याच वाऱ्यासाठी काढून पाहा, तेच येते. तुमच्या अक्षांशावर ते किरकोळ आहे. ७० अंशांवर मात्र ते चौपट होते, आणि तिथे ते गाळणे परवडत नाही. व्हॉर्टिसिटीची क्षेत्रफळासह बेरीज आणि बाजूंवरची बेरीज अशी दोन्हीकडून सर्क्युलेशन काढा. दोन्हींत लक्षात येण्यासारखा फरक पडला, तर पहिला संशय बाजूंच्या लांबीवर घ्या.

आता दुसरा प्रश्न, सर्क्युलेशन दुप्पट झाल्याचा. केल्विन यांचे १८६९ सालचे प्रमेय म्हणते की वेढ्याभोवतीचे निरपेक्ष सर्क्युलेशन बदलत नाही, पण त्यासाठी वेढा हवेच्या कणांचा असायला हवा, घर्षण नसायला हवे आणि घनता केवळ दाबावर अवलंबून असायला हवी. तुमची पेटी नकाशावर स्थिर आहे. हवा तिच्यातून आरपार जाते, आणि जाताना आपली व्हॉर्टिसिटी बरोबर घेऊन जाते. प्रमेय मोडलेले नाही, ते तुमच्या पेटीला लागूच नव्हते.

स्थिर पेटीसाठी जमाखर्च मांडावा लागतो, आणि तो सोपा आहे. बाजूंवरून जितकी हवा आत येते, ती गुणिले तिथली निरपेक्ष व्हॉर्टिसिटी, ही जमा. बाहेर जाते ती त्याच हिशेबाने खर्च. बाजूंवर निरपेक्ष व्हॉर्टिसिटी १० एकके धरा: एफचे ८.४ आणि थोडी सापेक्ष. चारही बाजूंवर सरासरी सेकंदाला फक्त १ मीटर वेगाने हवा आत येते असे माना. पेटीचा परीघ सुमारे २,००० किलोमीटर आहे. गुणाकार येतो २०० चौरस मीटर प्रतिसेकंद वर्ग, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत होतात १ कोटी ७३ लाख. तुमचे मूळ सर्क्युलेशन १ कोटी ७५ लाख होते. म्हणजे बाजूंवर सरासरी ८.७ मीटर वेगाने गोल फिरणाऱ्या वाऱ्यात १ मीटर आतला कल असला, की दिवसात दुप्पट झालेच. इतका कल नकाशावरच्या बाणांत नजरेला जेमतेम जाणवतो.

इथे बहुतेकांचा पाय अडखळतो, म्हणून थोडा थांबतो. पेटी स्थिर आहे, म्हणून तिच्यातले एफ गुणिले क्षेत्रफळ कधीच बदलत नाही. त्यावरून असे वाटते की पृथ्वीच्या फिरण्याचा या वाढीशी संबंध नसावा. पण आत येणारी हवा एफसकट येते, आणि पेटीतला एफचा वाटा ठरलेला असल्यामुळे जास्तीचे सगळे सापेक्ष सर्क्युलेशनच्या खात्यावर जमा होते. वरच्या २०० पैकी सुमारे १६७ हे नुसत्या एफमुळे आलेले आहेत. हीच गोष्ट कणांच्या वेढ्याच्या बाजूने पाहिली तर अशी दिसते: तोच १ मीटरचा कल दिवसभर टिकला तर ५०० किलोमीटर बाजूचा हवेचा वेढा आक्रसून सुमारे ३२७ किलोमीटर बाजूचा होतो. त्याचे निरपेक्ष सर्क्युलेशन तेवढेच राहते, क्षेत्रफळ घटल्याने त्यातला एफचा वाटा घटतो, आणि तेवढा सापेक्ष वाटा वाढतो. दोन्ही वर्णने एकाच घटनेची आहेत. कोणते वापरायचे ते ठरवा आणि गणित संपेपर्यंत त्यालाच धरून राहा. अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे घेतले की उत्तर हमखास बिघडते.

या आक्रसण्याची ताकद किती मोठी असते ते एका टोकाच्या उदाहरणात दिसते. १५ अंश अक्षांशावर पृथ्वीच्या सापेक्ष अगदी स्तब्ध हवेचा ५०० किलोमीटर त्रिज्येचा वेढा घ्या. तो आत ओढला जाऊन १०० किलोमीटर त्रिज्येचा झाला आणि वाटेत घर्षण लागले नाही, तर निरपेक्ष सर्क्युलेशन टिकण्याच्या एकाच अटीवरून वारा निघतो सेकंदाला ४५ मीटर. हेच २ अंश अक्षांशावर केले तर जेमतेम ६ मीटर. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळे क्वचितच का जन्मतात, त्याचा मोठा भाग या दोन आकड्यांत आहे. क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. २००१ च्या डिसेंबरात दक्षिण चीन समुद्रात व्हामेई हे टायफून विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आसपास तयार झाले. तिथे एफ नगण्य होता, पण आधीपासून असलेल्या भोवऱ्याची सापेक्ष व्हॉर्टिसिटी हाताशी होती, आणि आक्रसताना वाढायला तीही चालते. दक्षिण गोलार्धात एफ ऋण, म्हणून सगळी चिन्हे उलटतात, तर्क तोच राहतो.

घनता केवळ दाबावर अवलंबून असावी, या अटीचे काय? ती वातावरणात बहुधा पाळली जात नाही, आणि तिच्याशिवाय काय होते हे विल्हेल्म बियर्कनेस यांनी १८९८ साली मांडले. एकाच दाबाला एकीकडे हवा गरम आणि दुसरीकडे थंड असेल, तर कणांच्या वेढ्याभोवती सर्क्युलेशन नव्याने निर्माण होते. समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. किनाऱ्याला काटकोनात एक उभा वेढा घ्या: खालची बाजू १००० हेक्टोपास्कलवर, वरची ९५० वर, लांबी ३० किलोमीटर, आणि जमिनीवरची हवा समुद्रावरच्या हवेपेक्षा सरासरी ५ अंश गरम. सर्क्युलेशन वाढण्याचा दर म्हणजे कोरड्या हवेचा वायुस्थिरांक २८७ गुणिले दाबांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम गुणिले तापमानातला फरक. तो येतो सुमारे ७४. वेढ्याचा परीघ ६१ किलोमीटर, म्हणून सरासरी प्रवेग सेकंदाला ०.००१२ मीटर प्रतिसेकंद, आणि तासाभरात सेकंदाला ४ मीटरहून थोडा जास्त वारा. खाली समुद्राकडून जमिनीकडे, वर उलट. घर्षण त्याला पुढे आवरते, पण आकडा योग्य घरातला आहे, आणि तो मिळवायला दाबातला आडवा फरक वेगळा मोजावा लागला नाही. वेढ्याची पद्धत मला आवडते ती यासाठी.

तुमच्या पेटीत मात्र हे पद येणार नाही. पेटी ८५० हेक्टोपास्कलच्या पृष्ठावर आहे, तिच्या सगळ्या बाजूंवर दाब एकच, म्हणून दाबामुळे वेढ्याभोवती काही निर्माण व्हायला वावच नाही. पण तापमानातले फरक त्यामुळे निकालात निघत नाहीत, ते दुसऱ्या दाराने येतात. आडव्या दिशेत तापमान बदलत असेल तर वारा उंचीनुसार बदलतो, आणि पेटीच्या बाजूवर हवा वर किंवा खाली जात असेल तर ती वेगळ्या पातळीवरचा वारा या पातळीवर आणते. व्हॉर्टिसिटीच्या समीकरणात ज्याला कलण्याचे पद म्हणतात ते हेच. समान पोटेन्शिअल तापमानाच्या (हवा उष्णता न देता-घेता १००० हेक्टोपास्कलवर आणली तर तिचे जे तापमान होईल त्याच्या) पृष्ठावर वेढा घेतला तर चित्र आणखी सुटसुटीत होते: तिथे घनता खरोखरच केवळ दाबावर अवलंबून असते, केल्विनचे प्रमेय पुन्हा लागू होते, आणि एर्टेल यांची १९४२ सालची पोटेन्शिअल व्हॉर्टिसिटी, म्हणजे घर्षण आणि उष्णतेची देवघेव नसताना हवेबरोबर टिकून राहणारी राशी, हाती येते. ढगांत पाणी गोठते-वितळते, वाफ होते तिथे हवा त्या पृष्ठावर राहत नाही, ही त्यातली पडती बाजू. पावसाळी क्षेत्रासाठी म्हणूनच मी स्थिर पेटीचा जमाखर्च अधिक विश्वासाने वापरतो.

तेव्हा पुढे असे करा. दर सहा तासांच्या वाऱ्यावरून चारही बाजूंसाठी ‘बाजूला लंब वारा गुणिले निरपेक्ष व्हॉर्टिसिटी’ वेगवेगळे काढा, एकत्र नको. बहुधा एकच बाजू बहुतांश जमा करताना सापडेल, आणि क्षेत्र कुठून पोसले जाते आहे ते त्यातून कळेल. मग ही बेरीज सर्क्युलेशनमधल्या प्रत्यक्ष बदलाशी ताडून पाहा. थोडी तफावत राहणारच, कारण सहा तासांच्या मधले काही हाती नसते. पेटीखाली दीड किलोमीटरहून उंच जमीन असेल तर ८५० ची पातळी तिथे जमिनीखाली जाते आणि डेटातला वारा अंदाजाने भरलेला असतो. अशी पेटी सरळ सोडून द्या आणि ७०० वर जा. सपाट भागावर किंवा समुद्रावर तफावत ऋण असेल, म्हणजे सर्क्युलेशन जमाखर्चापेक्षा कमी वाढले असेल, तर घर्षणाचा वाटा धरा.

तफावत मोठी असेल तर कलण्याचे पद तपासा. साधारण परिस्थितीत हवा सेकंदाला १ सेंटिमीटर वर जाते आणि वारा किलोमीटरमागे सेकंदाला ३ मीटरने बदलतो. असे ५०० किलोमीटरच्या पूर्ण बाजूवर असले तरी हातात येतात १५, वरच्या २०० पुढे दुर्लक्ष करण्याजोगे. पण बाजूला फ्रंट (गरम आणि थंड हवेमधली सीमा) छेदत असेल आणि तिथल्या २०० किलोमीटरांत हवा सेकंदाला ५ सेंटिमीटर चढत असेल, वाऱ्यातला बदल किलोमीटरमागे १० मीटर असेल, तर एकट्या तेवढ्या तुकड्यातून १०० येतात, म्हणजे मुख्य पदाच्या निम्मे. अशा वेळी ती बाजू एक-दोन अंश बाहेर सरकवून फ्रंटपासून दूर न्या आणि सगळा हिशेब पुन्हा मांडा.